डोयाखालची चमकी

मागच्या अंकात पोळ्यावर लिहिताना मी एका ओळीत सहज टाकून गेलो होतो की शाळेत असताना बैलांसाठी आणलेल्या बेगडीतली उरलेली बेगड मी माझ्याच डोळ्याखाली चिकटवली होती, ग्लॅम रॉकच्या, म्हणजे चमकी-रंग लावून गायच्या इंग्लंडातल्या 1970 च्या दशकातल्या रॉक संगीताच्या नादापायी. सगळा लेख बैलांवर, आणि पत्रं आली ती त्या एका ओळीवर. बैल बिचारे राहिले बाजूला. तर ह्या वेळचं सदर ह्याच विषयाला देऊन टाकतो. पत्रं थोडी छाटलीत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय वीस, बीएच्या दुसऱ्या वर्षाले हाव अन् बाकी टाइम वावरात. तुमची थे ओळ वाचली अन् मी ताडकन उठूनच बसलो, कारण मले वाटे का आपल्याकडं हे आयकनारा मी एकटाच येडा हाव. मले हा नाद लागला लॉकडाऊनमधी. हरबऱ्याच्या जागलीले रात्री मचानीवर बसून राहो, डुकरं अन् रोही हाकलाले, सोबत बाबाचा जुना मोबाईल, अन् त्याच्यात एक दिवस हे पाय थे पाय करता करता मार्क बोलान नावाच्या इंग्रज गायकाचा व्हिडिओ लागला. इंग्रजी मले आताही धड येत नाही, तवा तर काहीच नाही. पन थो मानूस ज्या पद्धतीनं उभा होता न भाऊ, गालावर चमकी, केसं असे पिंजारलेले, अन् तोंडावर असं का मी असाच हाव, तुमचं तुम्ही पाहून घ्या. मंग डेव्हिड बोवी, मंग स्लेड नावाचा बँड, मंग सगळेच. डुकरं हरबरा खाऊन गेले तरी मले पत्ता नसे.

आता खरं काय झालं थे सांगतो. आमच्या इकडच्या एका बँडपार्टीवाल्याकडून मी त्याचा जुना कोट तीनशे रुपयात घेतला, लाल सॅटिनचा, खांद्यावर सोनेरी झालर. चुलत भावाच्या लग्नात थो घातला, डोयात काजळ भरलं अन् डोयाखाली ताईच्या डब्बीतली चमकी लावली. वरातीत पहिले तर तिघाचौघायनं मले बँडवालाच समजून "ए नागीन वाजव न बे" म्हनून पिडलं. मंग ओळखलं तवा हसले. मंग एकानं थो शब्द वापरला जो तुम्ही छापनार नाही. बाबा तिथं काहीच बोलले नाही, घरी आल्यावर एवढंच म्हनले, "हे बेगडी सोंग ह्या घरात नको." तवापासून कोट पेटीत हाय. माहा प्रश्न असा का हे खरंच माहं हाय का मी उसनं घेतलं? बोलान कुठचा, मी कुठचा. गावातले पोट्टे इचारते तू "तसा" हाय का, त्याचंही मले धड उत्तर देता येत नाही. मी कोन हाव असं कोनी इचारलं तर माह्याजवळ ह्या गान्यायशिवाय दुसरं सांगाले काहीच नाही.

उत्तर : राजा, आधी तो कोट पेटीतून काढ आणि दोन तास उन्हात टाक. पेटीतल्या सॅटिनला एकदा कुबट वास धरला की तो जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो. बाकीचं नंतर.

मी हिंगणघाटकडचा. 1987 साली दहावीत होतो. घरी एक टेपरेकॉर्डर, त्याचं झाकण तुटलेलं, कॅसेट घातली की वरून बोटानं दाबून धरायची. आतेभाऊ नागपूरला हॉस्टेलवर होता, त्यानं दिवाळीला येताना रूममेटची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आणली आणि विसरून गेला. वर बॉलपेननं नुसतं टी रेक्स लिहिलेलं. मला आठवडाभर वाटत होतं ही कुठल्यातरी चहावाल्याची जाहिरात आहे, म्हणून मी लावलीच नाही. लावली तेव्हा काय झालं ते तुला मी काय सांगणार, तुझं तू मचानीवर भोगलंय. एका बाजूला बोलान (टी रेक्स हा त्याचाच बँड) आणि बोवी. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात खटकन आवाज आणि एकदम खंजिरी, कारण आजीला रेडिओवरची तुकडोजी महाराजांची भजनं भरून पाहिजे होती आणि काकानं हाताला लागली ती कॅसेट घातली. आजही ते गाणं कुठं वाजलं की त्या ठिकाणी माझ्या डोक्यात खंजिरी सुरू होते, आणि गंमत म्हणजे फार काही बिघडत नाही, कारण ग्लॅमचा ठेका म्हणजे काही मोठं शास्त्र नाही, धप धप पाय, टाळ्या, दोनतीन कॉर्ड, तीनचार मिनिटांत खेळ खलास. त्याच्या आधीची दोनचार वर्षं बरेचसे रॉकवाले मान खाली घालून पंधरापंधरा मिनिटं गिटार घोळवत बसायचे, ह्या लोकांनी आपलं 1950 च्या दशकातलं साधं रॉक अँड रोल उचललं, जाडं केलं आणि वरून चमकी टाकली. भजनी मंडळात नवख्यालाही टाळी धरता येते, तसं ते आहे, भाषा येवो न येवो.

फोटो मात्र मी पाहिला नव्हता. कॅसेटला कव्हरच नव्हतं, त्यामुळं माझ्या डोक्यातला बोलान बरेच दिवस आमच्या तलाठ्यासारखा दिसायचा. पुढच्या वर्षी आतेभावासोबत नागपूरच्या बर्डीवर गेलो तेव्हा रद्दीच्या ढिगात एक फाटकं इंग्रजी मासिक सापडलं आणि त्यात तो. डोळ्याखाली चमकी. मार्च 1971 मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स ह्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा तसा आला असं म्हणतात, त्याच्या ओळखीतली एक बाई, चेलिता सेकुंडा, तिनं त्याच्या गालावर चमकी लावून दिली आणि ग्लॅम रॉकचा जन्म लोक तिथून धरतात. आणि त्या आधीचा हाच माणूस मांडी घालून, साधी गिटार घेऊन, सोबत एक बोंगोवाला, परीकथेतल्या ओळी पुटपुटणारा हिप्पी होता. बँडचं नावही लांबलचक टायरॅनोसॉरस रेक्स, 1970 मध्ये ते कापून टी रेक्स केलं. म्हणजे चमकी त्यानं वरून लावली, जन्मतः नव्हती.

आता माझी फजिती. पोळा झाला की चार दिवसांनी गणपती. त्या वर्षी गणपतीत आमच्या आळीत पोरांचा कार्यक्रम, मी घरात उरलेली बेगड बारीक कातरली आणि बाभळीच्या डिंकानं दोन्ही डोळ्यांखाली चिकटवली. डिंक वाळला की ताणतो हे मला माहीत नव्हतं. अर्ध्या तासात आग व्हायला लागली, एक डोळा मिटेना, दुसरा उघडेना. आईनं गोडेतेल चोळलं तर बेगडीसोबत सालटंही निघालं. बाबा ओट्यावर बसून पाहत होते, त्यांचं एकच, "बरं झालं." तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक माणूस आवाज ऐकून आला. दिवसा तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या खाली करायचा आणि रात्री खडी गंमतीत नाच्या म्हणून उभा राहायचा. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, खडी गंमत म्हणजे आपल्या विदर्भातला उभ्यानं होणारा खेळ, शाहीर, डफ, तुणतुणं, आणि बाईच्या वेषातला पुरुष, तो नाच्या. त्यानं माझं थोबाड पाहिलं आणि पहिलं वाक्य, "डोयाखाली डिंक लावते का बे कोनी? आंधया होशीन." घरी जाऊन तो आपली पत्र्याची पेटी घेऊन आला. आधी खोबरेल तेलाचं बोट, मग पावडर दाबून, मग पुन्हा नुसतं टेकवलेलं तेलाचं बोट आणि त्यावर चमकी. काढताना कापूस बाहेरून नाकाकडं, घासायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर त्यानंच लावून दिली. आणि स्टेजवर चढताना म्हणाला, "बत्तीकडं तोंड ठेवजो. अंधारात उभा राह्यला तं लावून फायदा काय."

तर ती माझी चेलिता सेकुंडा. मिशी काढलेली, हातावर कापसाच्या गाठीचे घट्टे.

आता तुझ्या बाबांच्या शब्दाकडं येऊ. बेगडी. आपल्या भाषेत बेगडी म्हणजे खोटं, वरवरचं, सोन्याचा आव आणलेलं. बेगडी प्रेम, बेगडी माया. पण तुझ्या घरी बैल असतील, नाहीतर शेजारी असतील. पोळ्याच्या दिवशी त्या शिंगांना रंग देतात, वार्निश ओलं असतानाच बेगड डकवतात, बाशिंग, झूल, घुंगरू, आदल्या दिवशी खांदे हळद-लोण्यानं शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. त्या बैलाला कुणी बेगडी म्हणतं का? त्या दिवशी आपल्याला उलट तोच खरा बैल दिसतो, वर्षभर औताला दिसतो त्याच्याहून. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि हे मला त्या कॅसेटनं शिकवलं, की बेगड लावणं म्हणजे खोटं बोलणं नाही. कधीकधी माणूस जे मोठ्यानं बोलू शकत नाही ते तो डकवतो.

आणि उसनं म्हणशील तर ते सगळं उसनंच होतं रे. बोलानचं खरं नाव मार्क फेल्ड, लंडनच्या हॅकनी भागातला. बोवी म्हणजे डेव्हिड जोन्स, जन्म ब्रिक्सटनचा, वाढला ब्रॉमलीला, म्हणजे लंडनचा तो कडेचा भाग, जिथं राहून पोरं लंडनकडं पाहत बसतात, जसं आपण नागपूरकडं. जोन्स नावाचा दुसरा एक गायक आधीच गाजत होता म्हणून ह्यानं नाव बदललं. 1967 चा त्याचा पहिला अल्बम पडला, 1969 मध्ये एक गाणं चाललं, मग परत शांतता, आणि मग 1972 मध्ये त्यानं झिगी स्टारडस्ट नावाचा एक परग्रहावरचा गायक स्वतःसाठी बनवला. 6 जुलै 1972, गुरुवार. लाल केस, रंगीबेरंगी घट्ट सूट, टॉप ऑफ द पॉप्सवर त्यानं गिटारवाल्या मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला, बस, एवढंच. तेव्हा इंग्लंडात तीनच चॅनल, म्हणजे आपल्या दूरदर्शनच्या काळासारखं, सगळं घर एकाच टीव्हीसमोर, बापही तिथंच बसलेला. पुढं गायक झालेल्या कितीतरी लोकांनी सांगितलंय की आमचं सगळं त्या संध्याकाळी सुरू झालं.

हा रॉन्सन कोण, तर हल शहरातल्या नगरपालिकेचा माळी. गवत कापायचा, फुलझाडं लावायचा. त्या बँडमधल्या पोरांना सुरुवातीला ते कपडे, तो मेकअप ह्याची लाजच वाटायची, ते काही आकाशातून पडले नव्हते. रॉक्सी म्युझिक ह्या बँडचा गायक ब्रायन फेरी, त्याचा बाप कोळशाच्या खाणीतले घोडे सांभाळायचा, हे वणी-चंद्रपूरकडच्या वाचकांना लगेच कळेल. स्लेडवाले वॉल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूचे, कारखान्यांच्या धुरातले, आपल्या गाण्यांच्या नावांचं स्पेलिंग मुद्दाम बोलतात तसं चुकीचं लिहायचे, म्हणजे समज आपण वऱ्हाडीत पोस्टर छापावं तसं. आणि काळ कसा, तर 1972 च्या फेब्रुवारीत खाणकामगारांचा संप, पाळीपाळीनं लाईट बंद, पुढं 1974 सुरू झालं तेच आठवड्यातून तीन दिवस कारखाने अशा सरकारी हुकमावर. इंग्लंडात लोडशेडिंग! हे मी वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. चमकी उजेडात लावत नाहीत, लाईट गेल्यावर लावतात.

"तसा" आहे का, ह्या प्रश्नाचं सांगतो. बोवीनं जानेवारी 1972 मध्ये एका संगीताच्या साप्ताहिकाला सरळ सांगितलं की मी गे आहे. इंग्लंडात तो गुन्हा राहिला नाही त्याला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, आणि तेही फक्त एकवीस वर्षांवरच्या पुरुषांपुरतं. पुढं तो कधी वेगळं बोलला, कधी अजून वेगळं, त्याची दोन लग्नं झाली बायकांशी. म्हणजे त्यालाही एका वाक्यात बसवता आलं नाही. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा निकाल दिला, त्यामुळं तू तसा असशील तर गुन्हेगार नाहीस, नसशील तरी काजळ लावल्यानं काही होत नाहीस, आणि अजून माहीत नसेल तर वीस वर्षांच्या माणसाला माहीत नसणं हे काही विशेष नाही. गावातल्या पोट्ट्यांना ह्याचा जबाब द्यायला तू काही तहसीलमध्ये उभा नाहीस.

एक गोष्ट मात्र लक्षात घे, बोवीनं झिगीला दीडेक वर्षातच संपवलं. 3 जुलै 1973, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन थिएटर, भर कार्यक्रमात सांगितलं की ह्याच्यानंतर नाही. त्याच्या बँडमधल्या काहींनाही ते तिथंच कळलं. सोंग अंगाला चिकटून बसायला लागलं होतं, म्हणून काढून टाकलं आणि पुढचं शिवायला टाकलं. त्यामुळं "माझ्याजवळ गाण्यांशिवाय दुसरं सांगायला नाही" हे तुझं वाक्य मला जरा टोचलं. हरभऱ्याची जागल आहे न, बाप आहे, बीए आहे, आणि तीनशे रुपयांत बँडवाल्याचा कोट मिळवण्याची अक्कल आहे. मी तुझ्या वयात स्वतःला फक्त त्या कॅसेटपुरतं समजायचो, मग 1993 मध्ये टेपरेकॉर्डरनं रीळ गिळलं, पेन्सिल घालून फिरवली, चिकटपट्टी लावली, नाहीच जमलं, आणि दोन दिवस मी घरात असा बसलो जसं सुतक आहे. तिसऱ्या दिवशी भूक लागली. मी होतोच की.

बाबांशी भांडू नको आणि त्यांना बोलान समजावून सांगू तर अजिबातच नको. येत्या पोळ्याला शिंगं रंगवायला त्यांच्याजवळ बस, बेगड तू काप. त्यांच्या हाताला लागलेली चमकी दोन दिवस निघत नाही, एवढं फक्त पाहून ठेव.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे. हल्ली नखांना काळं नेलपॉलिश लावतो, खोलीत फ्रेडी मर्क्युरीचे फोटो, केस खांद्यापर्यंत. आम्ही भंडारा जिल्ह्यातले साधे लोक, मी शिक्षक आहे. ही विदेशी थेरं आपल्या संस्कृतीत कशी बसवायची? आपण त्याला प्रोत्साहन देता की काय अशी शंका आपल्या मागील लेखावरून आली.

उत्तर : गुरुजी, शंका बरोबर आहे, देतो.

फ्रेडी मर्क्युरी विदेशी खरा, पण किती विदेशी ते ऐका. फारुख बलसारा, पारशी घरातला, 1946 साली झांझिबारला जन्म, आणि शाळा आपल्या पाचगणीला, सातारा जिल्ह्यात. आठनऊ वर्षांचा होता तेव्हा आला. तिथंच पोरापोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड काढला, हा पियानोवर. म्हणजे ते नेलपॉलिश इकडं यायच्या आधी माणूस इकडून तिकडं गेलाय. क्वीनला, म्हणजे फ्रेडीच्या बँडला, अस्सल ग्लॅम म्हणावं की नाही ह्यावर लोक तास तास वाद घालतात, मी घालत नाही, 1974-75 मधले त्यांचे पांढरे झालरवाले कपडे पाहिले की माझ्यापुरता वाद संपतो.

आणि तुम्ही भंडाऱ्याचे! झाडीपट्टीचे! दिवाळी झाली की होळीपर्यंत वडशाच्या मंडळींची नाटकं गावोगाव, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री उघड्या मंडपात पहाटेपर्यंत, मफलर बांधून हजारो लोक, आणि स्टेजवरच्या माणसाच्या तोंडावर बोटभर रंग. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुमच्याही शाळेत पेढे वाटले असतील. दंडारीत, म्हणजे तुमच्याकडच्या लोकनाट्यात, पुरुषच बाई होऊन नाचत आले. जुन्या रंगभूमीवर बालगंधर्व पदर कसा घेतात ते पाहून घरंदाज बायका पदर घ्यायच्या. त्यामुळं पुरुषानं रंग लावणं हे आपल्या संस्कृतीत बसवायचं कसं, ह्यापेक्षा आपण ते बाहेर कधी काढलं ह्याचा शोध घ्या, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला जमेल.

काळजी करायचीच असेल तर दुसरी करा. त्याच ग्लॅमच्या लाटेत गॅरी ग्लिटर नावाचा एक मोठा गायक होता, स्टेजवर चमचम, पोरं वेडी. 2015 मध्ये त्याला लहान मुलींवरच्या जुन्या अत्याचारांसाठी सोळा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे चमकीवरून माणूस वाईट ठरत नाही तसा चांगलाही ठरत नाही. मुलगा कुणाला देव करतोय, कुणाच्या संगतीत बसतो, ते बघा. नखं राहू द्या. नाहीतरी बारावीच्या प्रॅक्टिकलला कुणीतरी खरवडून काढायला लावणारच आहे.

प्रश्न : दादा, ह्या ग्लॅम रॉकमध्ये बाया होत्या का? का फक्त पुरुषांनी बायांचे कपडे घालून मिरवायचं? मी गोंदिया जिल्ह्यातली, नर्सिंगला आहे.

उत्तर : ताई, हा प्रश्न मला माझ्या बहिणीनं 1988 मध्येच विचारला होता. मी चमकी लावून स्टेजवर गेलो त्याच आठवड्यात तिनं शेजारच्या हळदीला लालभडक लिपस्टिक लावली तर आत्या तिला नटवी म्हणाली. ती मला म्हणाली, "तू लावलं तं शौक अन् आमी लावलं तं नटवी, वा रे वा." मी काय बोलणार. आजही माझ्याजवळ ह्याला धड उत्तर नाही, ते गाणेवाले पुरुष बायकांच्याच पेटीतून घेत होते आणि नाव त्यांचं होत होतं, हे खरंच आहे.

पण सुझी क्वात्रो ऐक. डेट्रॉइटची, जन्म 1950, 1971 मध्ये एकटी लंडनला आली. उंचीनं एवढीशी आणि गळ्यात ही भली मोठी बास गिटार, आणि ती नुसती गायला उभी नाही, स्वतः वाजवते, मागं पुरुष, पुढं ती. 1973 मध्ये तिचं गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं. सगळे पुरुष सॅटिन आणि पिसं घालत होते तेव्हा तिनं साधा काळा चामड्याचा सूट घातला, चेन वरपर्यंत लावलेली. म्हणजे पुरुषांनी आपली पेटी उघडली तेव्हा तिनं त्यांची उघडली. तिला पाहून जोन जेट नावाची अमेरिकेतली एक पोरगी गिटारकडं वळली, ती पुढं स्वतः मोठी झाली. ऐकायचं असेल तर नाईट ड्युटीच्या आधी ऐक, नंतर झोप येणार नाही.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी? मराठी गाण्यांशिवाय काही ऐकलेलं नाही. (एक वाचक, कारंजा)

उत्तर : टी रेक्सचा 1971 चा इलेक्ट्रिक वॉरियर, आणि काही विचार न करता. शब्द समजायची गरज नाही, बोलानच्या कितीतरी ओळी इंग्रजांनाही समजत नाहीत. मग बोवीचा 1972 चा झिगीवाला अल्बम, तो सलग, मधून उड्या न मारता. मग रॉक्सी म्युझिकचा त्याच वर्षीचा पहिला, तो पहिल्यांदा विचित्र वाटेल, दुसऱ्यांदाही वाटेल. स्लेड केव्हाही, ट्रॅक्टरवर पण चालतं. बोलान 1977 मध्ये तिसाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी गाडीच्या अपघातात गेला, स्वतःला गाडी चालवता यायची नाही, शेजारच्या सीटवर होता. बोवी 10 जानेवारी 2016 ला, एकोणसत्तर पूर्ण करून दोन दिवसांनी, शेवटचा अल्बम बाहेर पडून दोनच दिवस झाले होते. त्या सोमवारी दुपारी बातमी आली तेव्हा मी तुरीच्या काट्यावर उभा होतो, व्यापारी म्हणाला, "काय झालं भाऊ, घरचं कोनी गेलं का?" मी हो म्हणालो.

प्रश्न : ते लोक घालायचे तसे चार इंची प्लॅटफॉर्म बूट मला ऑनलाइन मिळून राहिलेत, 1,800 रुपये. घेऊ का? आमचं गाव दर्यापूरकडं आहे, रस्ता अजून व्हायचा आहे.

उत्तर : पैसे वाचव. जूनमध्ये पहिला पाऊस पडू दे, पायात साधी स्लीपर घाल आणि वावराच्या धुऱ्यापासून घरापर्यंत चालत ये. आपली काळी माती दहा पावलांत दोन इंच देते, वीस पावलांत चार. फक्त ओट्यावर चढायच्या आधी काडीनं खरवडून काढ, नाहीतर आई बोंबलते.